कोरं का धुतलेलं

शालन, तुझं शेवटचं कापड माझ्या कटिंगच्या टेबलावर सहा दिवस घडी घालून पडून होतं आणि मी त्याच्याभोवती नुसती फिरत होते. सकाळी वरचा टॉवेल काढायचा, बघायचं, संध्याकाळी परत टॉवेल टाकायचा. सव्वीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं, रिटायर झाल्यावर घरीच मशीन मांडलं, किती पोरींच्या हातात पहिली कातरी मी दिली असेल, आणि एका पिशवीच्या कापडाला हात लावायचं माझ्याच्यानं होत नव्हतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, कापड हाय ते, इंचू न्हवं."

काल ते पाण्यात घातलं. काय झालं ते तुला सांगते, पण सरळ सांगता येईल असं वाटत नाही, कारण माझ्याच डोक्यात सरळ काही राहिलेलं नाही. या आठवड्यात दोनदा चहात साखरेऐवजी मीठ घातलंय. परवा तुला फोन लावला. बेल गेली की, आणि तुझ्या नवऱ्यानं, मारुतीभाऊंनी उचलला. मी म्हटलं, "शालन आहे का?" ते म्हणाले, "जेवलासा का बाई?" मी जेवले म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. जेवले नव्हते.

लोक येतात, बसतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. मला त्यांचा राग येतो. तू काही फार चांगली वगैरे नव्हतीस. हट्टी होतीस, कानडी मुलखाच्या कडेची असल्यासारखी मोठ्यानं बोलायचीस, आणि अकरा वर्षांत एकदाही 'माझं चुकलं' असं तुझ्या तोंडून आलं नाही. तुझ्या माहेरचं, नेसरीचं पाणीच तसं, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "पाण्याचं नगा काढू बाई, पाण्यावरनंच भांडण हाय आपलं."

तेच भांडण अर्धं टाकून तू गेलीस.

तू पहिल्यांदा भेटलीस तीही भांडायलाच आलेलीस. तुझ्या वैशालीला मी नववीत शिवणात नापास केलं होतं. शाळेत आलीस, पदर खोचलेला, हातात सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पिशवी. त्यातून एक हातभर पट्टी काढलीस आणि माझ्या टेबलावर टाकलीस. "माझ्या पोरीला सुई धरता येत न्हाय, ते खरं हाय. पर आमच्या घरात कापड बनतंय. बाईला कापड कळत असंल तर बघा, आणि मग नापास करा." या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध होता ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण मी पट्टी हातात घेतली. चौदा इंचाचा पन्हा, कडा वाकड्यातिकड्या, रंग मात्र असा की नजर हलेना. मी म्हटलं, "यात तर टॉवेलसुद्धा व्हायचा नाही." तू म्हणालीस, "मग काय हुईल ते सांगा की." मी म्हटलं, "पिशवी होईल." वैशालीला मी पास केलं नाहीच, दोन महिन्यांनी परत परीक्षा घेतली. पण तोवर तुझ्या चार पिशव्या शिवून झाल्या होत्या.

त्याच्या आधीच जयसिंगपूरला बायकांच्या कुठल्याशा शिबिरात पंधरा दिवस तू विणायला शिकली होतीस, आणि तिथला एक मोडका, टेबलावर मावेल एवढा माग मागून घेऊन आली होतीस. एस. टी.त मांडीवर घेऊन बसलेलीस, कंडक्टर म्हणाला ह्याचं अर्धं तिकीट काढा. मारुतीभाऊंनी खिळे ठोकून तो उभा केला. सूत इचलकरंजीहून यायचं, कारखान्यात पुठ्ठ्याच्या कोनावर शिल्लक राहिलेलं, कधी हिरवं तर कधी भलतंच. तू बावड्याच्या तुझ्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसून विणायचीस आणि मी शुक्रवार पेठेत शिवायचे. मध्ये पंचगंगेचं वारं आणि केएमटीची बस.

आता हे कापड म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. दुकानातलं कापड मागायचं आणि कापायचं. तुझ्या छोट्या मागावरून उतरलेलं कापड उतरलं तरी अजून कापड झालेलं नसतं, त्यातले धागे एकमेकांना नुसते टेकलेले असतात. ते पाण्यातून काढावं लागतं. पाण्यात ते आटतं, धागा धाग्याला धरतो, मग अंगात जरा दम येतो. त्यानंतर वाळवायचं, ओलसर असताना इस्त्री, मग टोकांना मशीनवर झिगझॅग मारायची आणि मगच कातरी. झिगझॅगच्या आधी कातरी लावलीस की धागे हातात येतात आणि पिशवीचं भजं होतं. हे मी तुला शंभरदा सांगितलं. तू शंभरदा ऐकलंस. फक्त एक गोष्ट मान्य केली नाहीस, की पाण्यातून कोणी काढायचं.

राजारामपुरीच्या त्या डॉक्टरीणबाईंच्या पिशव्या आठवतात? मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला बारा पिशव्या. आपलं पहिलं मोठं काम. मी अस्तर लावलं, ताठपणासाठी बकरम घातला, धरायच्या बंदांना आतून दुहेरी शिलाई, हातात धरून बघावं अशी एकेक पिशवी. महिन्याभरानं बाई एक पिशवी घेऊन माझ्या दारात. कुणीतरी ती धुतली होती. वरचं कापड आखडून वर गेलेलं आणि अस्तर खालून लोंबत होतं. मला वाटलेलं तू पाण्यातून काढून दिलंस, तुला वाटलेलं मी काढलं. दोघींनीही काढलं नव्हतं. बाईंनी पाहुण्यांकडून परत मागवल्या आणि आपण बाराच्या बारा उसवून परत शिवल्या. उसवताना तू समोर बसून धागे वेचत होतीस आणि आपण दोघी भांडत होतो.

मी म्हटलं, शिंप्याकडे कापड टाकताना गिऱ्हाइकानं पाण्यातून काढूनच आणायचं, हा सगळ्या जगाचा नियम आहे. तू म्हणालीस, "मी गिऱ्हाईक न्हवं. मी देणारी हाय. म्हशीचं दूध घालणाऱ्यानं ते तापवून बी द्यायचं व्हय?" मी म्हटलं, दुधाचं राहू दे, कापडाचं बोल. मग तू तुझं खरं कारण काढलंस. "ओटीत खण घालताना धुऊन घालत्यात का? कोरा घालत्यात. धुतलेलं म्हंजे आपल्या अंगाचं झालं. आपलं झालेलं दुसऱ्याला देऊ ने. मी कोरं देणार. ज्याचं त्यानं पाण्यात घालावं." मी तुला विज्ञान सांगितलं, खळ म्हणजे काय, सूत का आटतं. तू मान डोलावलीस आणि म्हणालीस, "व्हय, पर कोरं ते कोरं."

त्यानंतर प्रत्येक कापड मीच धुतलं. हरले असं मात्र कधी म्हटलं नाही. दर वेळी तू कापड आणून ठेवलंस की मी विचारायचे, "पाण्यातून काढलंस?" आणि तू विचारायचीस, "चहा टाकू का?"

पन्हाळ्याला आपण त्या हिवाळ्यात रविवारी पिशव्या घेऊन बसलो होतो, ते आठवलं की मला अजून हसू येतं, आणि मग हसू आलं म्हणून कसंतरी होतं. आपल्या चादरीशी लोक थांबायचे आणि झुणका-भाकर आहे का विचारायचे. शेवटी एक पुण्याकडची बाई खरंच पिशवी घ्यायला आली. तिनं विचारलं, "ही घरी धुतली तर चालेल ना?" तू म्हणालीस, "चालंल की." त्याच क्षणी मी म्हणाले, "नाही हं, जपून." ती एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघून पिशवी ठेवून निघून गेली. परतीच्या बसमध्ये तू माझ्याशी वाघबीळचा थांबा येईपर्यंत बोलली नाहीस. मग खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "गिऱ्हाईक होतं ते बाई, शाळेतली पोरगी न्हवती."

मी कातरी उचलली की तू खोलीतून उठून जायचीस, हेही मला कधी नीट समजलं नाही. "कापून घ्या, मग हाक मारा," म्हणायचीस. मला वाटायचं नाटकं आहेत. आता माझ्याच हातून कातरी चालेना, तर नाटकं कुणाची म्हणायची.

आणि तू स्वतः एकही पिशवी वापरली नाहीस. अकरा वर्षं तीच सिमेंटच्या पोत्याची. मी किती वेळा म्हटलं, शालन, एक तुला शिवते की. "मला काय करायचीय? माझी ही बरी. भिजली तर भिजली, फाटली तर फाटली." मला तू 'तुमी' म्हणायचीस तेही असंच. किती सांगितलं तू म्हण. "पोरीची बाई म्हंजे बाई," संपलं.

वैशाली पुण्याला नोकरीला लागली आणि पहिल्या दिवाळीला दुकानातली मोठी चकचकीत पर्स घेऊन आली. तू तिच्यासाठी पिशवी विणायला घेतली होतीस. तिनं मागावर बघितलं आणि हसत म्हणाली, "आई, ही ऑफिसला नेली तर लोक म्हणतील मंडईतनं आली." पोरगी वाईट नाही गं, तोंडाला येईल ते बोलते, तुझीच आहे. तूही हसलीस. मी तिथेच बसले होते, तू खरंच हसलीस. पण ते कापड तू तिला दिलं नाहीस, डॉक्टरीणबाईंच्या बहिणीला दिलंस. नंतर वैशालीनं फोनवर एकदा-दोनदा मागितलं, तेव्हा तू म्हणालीस, "तुला गं काय करायची मंडईची पिशवी?" गमतीनंच म्हणालीस. का गमतीनं नाही, मला काय माहीत. मी मध्ये पडायला हवं होतं का? मला वाटलं मायलेकींचं आहे, आज ना उद्या मिटेल. मी शाळेत पोरींची भांडणं एका नजरेनं मिटवायचे आणि इथे गप्प बसले.

मग तुझा दम वाढला. दवाखाना झाला, घरी आलीस, वाफ घ्यायचीस, औषधं घ्यायचीस आणि मागाशी जाऊन बसायचीस. आडव्या सुताचा धोटा दोनदा फेकला की थांबायचीस, श्वास घ्यायचीस, परत फेकायचीस. मी त्या दिवशी दुपारी आले तेव्हा मागावर हे कापड होतं. चिंचोक्याच्या रंगाचं, मध्ये हळदीची बारीक रेघ. एवढी नीट कड मी तुझ्या हातची कधी बघितली नव्हती. तू म्हणालीस, "झालंच हाय. उद्या उतरवते. न्याल सवडीनं."

मी विचारलं, "कुणाचं आहे?"

"बघू."

"बघू काय? बंद किती लांब ठेवायचे ते तरी सांग."

तू हसलीस, मग खोकला आला, खोकला बराच वेळ थांबला नाही. मी पाठ चोळली. पाणी दिलं. आणि निघताना, दारात चप्पल घालताना, मी काय म्हणाले? बरी हो म्हणाले नाही. उद्या येते म्हणाले नाही. मी म्हणाले, "आणि या वेळेला धुऊन ठेव गं बाई, माझी कंबर धरलीय, मी धुणार नाही." गमतीनंच म्हणाले. चार दिवसांनी सकाळी मारुतीभाऊंचा फोन आला.

शालन, माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं धुण्याचं झालं. याला काय म्हणू ते मला कळत नाही.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मारुतीभाऊ वर्तमानपत्रात गुंडाळून कापड घेऊन आले. ट्रंकेत होतं म्हणाले, सगळं डांबरगोळ्यांच्या वासाचं. मी विचारलं, "तिनं हे पाण्यातून काढलं होतं का?" ते म्हणाले, "मला काय म्हाईत बाई. मी दिवसभर बाहीर. ती आणि तिचा माग." मग बराच वेळ बसले, चहा घेतला नाही, आणि जाताना म्हणाले, "तो माग आता उचलू का र्‍हाऊ दे?" मी म्हटलं राहू दे. मी कोण सांगणार, पण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वैशाली आली. ती काही बोलायच्या आधी टेबलाजवळ गेली, टॉवेल काढला आणि कापडावर हात ठेवून उभी राहिली. रडली नाही. मला म्हणाली, "बाई, हे माझ्यासाठी होतं ना?"

मी म्हटलं, "मला बोलली नाही गं."

"रंग बघा ना. मला हाच रंग आवडतो." मग स्वतःच म्हणाली, "आईलापण हाच आवडायचा." खुर्चीवर बसली. "बाई, मी तिला मंडईची म्हटलं. ती मला त्यानंतर कधी म्हणाली नाही की तुला विणते. मी मागितलं तरी नाही म्हणाली. तुम्हाला माहिती आहे ना, आई धुतलेलं कुणाला द्यायची नाही? हे कोरं असलं तर देण्यासाठी विणलेलं. म्हणजे माझंच. दुसरं कोण होतं तिला देण्यासारखं? आणि धुतलेलं असलं तर..." ती थांबली. "तर तिनं स्वतःला ठेवलं. मला द्यायचं तिच्या मनात नव्हतं. तुम्ही पाण्यात घालाल तेव्हा आटलं की नाही ते मला सांगा. मी रविवारी तेराव्यापर्यंत आहे, सोमवारी जाणार. तेवढ्यात पिशवी होईल?"

मी होईल म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

आता तू म्हणशील, एवढी शिवणाची बाई, हाताला कळू नये? खरंय. कोरं कापड हाताला कळतं, कडक लागतं. पण या वेळी तू सूत वेगळं आणलंस, मऊ, लडीचं, बिनखळीचं. मागावर असतानाच ते मऊ होतं. मी तीनदा अंगठा फिरवला. एकदा वाटलं कोरं आहे, एकदा वाटलं धुतलेलं, तिसऱ्यांदा काहीच वाटलं नाही. वास घ्यावा तर डांबरगोळ्या. टोकांच्या दशांना तू चार-चार धाग्यांच्या गाठी मारलेल्या, पाण्यात गाठी आवळतात म्हणून त्या बघितल्या, घट्ट होत्या, पण तुझ्या गाठी नेहमीच घट्ट असतात.

आणि सहा दिवस मी ते पाण्यात का घातलं नाही, तेही सांगते. मलाही ते कोरंच हवं होतं. पोरीसाठी हवं होतं, हे खरं. पण माझ्यासाठीसुद्धा हवं होतं. ते धुतलेलं निघालं तर त्याचा अर्थ काय? तू त्या दमात, बादली उचलून, वाकून, पिळून, वाळत घातलंस. का? कारण मी दारात उभी राहून तुला तसं सांगून गेले. अकरा वर्षं ऐकलं नाहीस आणि नेमकं तेव्हाच ऐकायचं होतं का तुला?

काल सकाळी घातलं. घमेल्यात कोमट पाणी, मूठभर मीठ, रंग जाऊ नये म्हणून. त्याआधी कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं दोन टाके घातले, बरोबर वीस इंचांवर. टेप दोनदा लावली. मग कापड हळूच पाण्यात सोडलं आणि स्टुलावर बसून राहिले. तुझं कोरं कापड पाण्यात टाकलं की पहिल्यांदा वर तरंगतं, पाणी आत घेत नाही, हातानं दाबावं लागतं, ठाऊक आहे ना तुला? तुला कुठलं ठाऊक असणार, तू कधी धुतलंस? हे कापड सरळ खाली गेलं. पाणीही स्वच्छ राहिलं. मी स्वतःला म्हटलं, लडीचं सूत असेल म्हणून. अर्धा तास ठेवलं. पिळलं नाही, टॉवेलात दाबलं, मागच्या व्हरांड्यात सावलीला आडवं पसरलं. दुपारभर घरात मी काय केलं आठवत नाही. भाजी चिरलेली दिसली म्हणजे चिरली असणार.

चार वाजता वाळलं. इस्त्री केली. टेप लावली. वीस इंच. चष्मा पुसला, परत लावली. वीस इंच. एक सूतसुद्धा कमी नाही.

तू धुतलं होतंस, शालन.

मी तिथेच बसले आणि मला पहिल्यांदा राग आला, भयंकर राग. कुणी सांगितलेलं तुला? मी सांगितलेलं. मग रडू आलं. मग परत काही कळेना. तू माझं ऐकलंस का? का तुला तुझ्यासाठीच एक पिशवी हवी होती, अकरा वर्षांनी, आणि मला सांगायची लाज वाटली, म्हणून 'बघू' म्हणालीस? ते असेल तर मला आवडेल गं, खरंच आवडेल, पण मग वैशालीचं काय? का मी आता तुला परकी नव्हते, मला द्यायचं म्हणजे दुसऱ्याला द्यायचं नव्हतंच, म्हणून कोऱ्याचा नियम राहिला नाही? हे शेवटचं मला सुचलं आणि लगेच मनातून काढून टाकलं. माणूस गेलं की आपण आपल्या सोयीचे अर्थ काढत बसतो. तू असतीस तर मी विचारलं असतं आणि तू चहा टाकायला गेली असतीस. म्हणजे तेव्हाही कळलं नसतंच.

सहा वाजता वैशालीचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता, पाहुणे असणार. म्हणाली, "बाई, घातलं पाण्यात?"

"घातलं."

"वाळलं?"

"वाळलं."

मी तिला खरं सांगू शकले असते. सांगू शकले असते की अगं, मीच तुझ्या आईला धुवायला सांगितलं होतं, त्यामुळे धुतलेलं आहे यावरून काही ठरत नाही, कोण जाणे तुझ्यासाठीच असेल. हे सगळं खरं आहे. पण हे ऐकताना समजूत काढल्यासारखं वाटतं. तिनं ते ऐकून बरं बाई म्हटलं असतं आणि जन्मभर मनात ठेवलं असतं. आणि दुसरं, माझ्या तोंडून ते निघतही नव्हतं. कुठलं कारण आधी आणि कुठलं नंतर, मला सांगता येणार नाही.

"बाई? आटलं का?"

"आटलं," मी म्हटलं.

"किती?"

तुझीच पोरगी. किती विचारल्याशिवाय राहते का.

"वीस इंचाला दीड इंच."

"म्हंजे कोरंच हुतं की," ती म्हणाली. पुण्याची मराठी गेली कुठल्या कुठं. "कोरंच हुतं." मग ती रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडली असं मारुतीभाऊंनी नंतर मला सांगितलं. रडता रडता म्हणाली, "आईनं नाहीच धुतलं ना शेवटपर्यंत? तुमच्याशी भांडण जिंकली की ती." मी हो म्हटलं. जिंकली म्हटलं.

तर असं झालं. अकरा वर्षांत एकदा तू माझं ऐकलंस, त्याचा पुरावा माझ्या टेबलावर होता, आणि तो मी कुणाला दाखवला नाही. मी हरले असं तुझ्या लेकीला सांगितलं. तुझ्यासाठी सांगितलं का तिच्यासाठी का स्वतःची मान सोडवून घ्यायला, ते तू ठरव. मी ठरवायला बसले की डोकं गरगरतं.

आज सकाळी झिगझॅग मारली आणि कातरी घेतली. तू उठून गेली नाहीस, कारण तू नव्हतीसच. अस्तर फिक्या पिवळ्या रंगाचं लावलंय. बंद लांब ठेवलेत, वैशाली उंच आहे, खांद्यावरून खाली यायला हवेत. एका ठिकाणी मात्र मी अडले. आटलं म्हणून सांगितलं आणि पिशवी तर पूर्ण मापाची होणार. तिला काय कळतंय, शिवणात नापास झालेली. पण मला कळत होतं. म्हणून वरच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच कापड मी आत दुमडून घेतलं आणि त्यावर अस्तर शिवून टाकलं. कापलं नाही. ते धुतलेलं कापड आत आहे, शालन, आणि ते तुझं आहे.